मुक्तपतन छायाचित्रण

मुक्तपतन छायाचित्रण : विमानातून उडी मारल्यापासून पॅराशूट उघडेपर्यंतच्या काळाला मुक्तपतन म्हणतात. या काळात इतर स्कायडायव्हरांच्या सोबतीने स्वतः खाली पडत, हेल्मेटवर बसवलेल्या कॅमेऱ्याने त्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती घेण्याची ही कला. ती करणाऱ्याला या क्षेत्रातले लोक ‘कॅमेरा फ्लायर’ म्हणतात. हवेत तोल आणि दिशा हातापायांनीच राखायची असल्याने कॅमेरा हातात धरण्याची सोय नसते. तो डोक्यावर असतो, मान हीच त्याची तिवई होते आणि छायाचित्रकार जिकडे पाहील तिकडेच भिंग वळते.

साधारण १३,००० फुटांवरून उडी मारली, तर पहिले हजार फूट पडायला सुमारे १० सेकंद लागतात. त्यानंतर शरीराचे वजन आणि हवेचा विरोध यांचा मेळ बसतो, वेग ताशी १९० ते २०० किमी.वर स्थिरावतो आणि पुढचे प्रत्येक हजार फूट साडेपाच-सहा सेकंदांत सरतात. सगळे मुक्तपतन जेमतेम मिनिटभराचे. ३,००० फुटांवर पॅराशूट उघडायचे राहून गेले, तर जमीन अवघ्या १७ सेकंदांवर असते. चौकट, प्रकाश, समोरच्याचा चेहरा यांत गुंतलेल्या माणसाला ही १७ सेकंदे कळतही नाहीत. या कलेचा खरा धोका इथे आहे. कॅमेऱ्याचे वजन त्यामानाने दुय्यम. कॅमेरा लक्ष खातो, ही मुख्य गोष्ट.

एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात घडलेली घटना आजही नवशिक्यांना सांगितली जाते. ८०० हून अधिक उड्यांचा अनुभव असलेला एक छायाचित्रकार दिवसातल्या तिसऱ्या उडीला विमानातून बाहेर पडला, तो पॅराशूट न घालताच. त्या काळी चित्रणाचा रेकॉर्डर पाठीवरच्या पिशवीत असे. पाठीवर ओझे होते, मन चित्रीकरणात होते आणि पट्टे तपासायचे राहिले. विमानातल्या इतर कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. म्हणूनच उडीपूर्वी तीनदा तपासणी करण्याची पद्धत आहे : एकदा रिग (पट्ट्यांसह पॅराशूटचा संपूर्ण संच) अंगावर घालण्याआधी, एकदा विमानात चढण्यापूर्वी आणि शेवटी दार उघडण्याआधी. छातीचा पट्टा, मांड्यांचे पट्टे, मुख्य आणि राखीव पॅराशूटची हँडले, पॅराशूटची पिशवी बंद ठेवणारी पाठीवरची पिन, हे सारे आधी हाताने चाचपायचे आणि मग दुसऱ्याला पाहायला सांगायचे. कॅमेरा सुरू आहे की नाही, हे त्यानंतर.

अनुभवाची अट : अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेची शिफारस अशी, की निदान २०० उड्या आणि संघटनेचा ‘सी’ म्हणजे तिसऱ्या पायरीचा परवाना हाती असल्याशिवाय कॅमेरा लावू नये, शिवाय कॅमेऱ्यासह उडी मारताना जे पॅराशूट वापरायचे, त्यावरच अलीकडच्या ५० उड्या झालेल्या असाव्यात. गोप्रोसारखे काडेपेटीहून थोडे मोठे कॅमेरे आल्यापासून ही अट अनेकांना जाचक वाटते. एवढासा तर कॅमेरा, त्याने काय होणार, हा नेहमीचा प्रश्न. पण आकार लहान झाल्याने लक्ष विचलित होणे कमी होत नाही, आणि उघडत्या पॅराशूटची दोरी अडकायला बोटभर उंचवटाही पुरतो. अट सैल करू नये, असेच प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. पहिल्या दोनशे उड्यांत उंचीचे भान अंगवळणी पडते. त्याआधी कॅमेरा आला, की ते भान पक्के होतच नाही.

इतिहास : १९६० च्या दशकात हेल्मेटला फिल्मचे कॅमेरे जखडून उड्या मारणारे अमेरिकन हौशी तरुण या कलेचे आद्य प्रवर्तक. त्यांपैकी कार्ल बोनिश याने १९६९ मध्ये प्रदर्शित झालेल्या एका हॉलिवूडपटासाठी हवेतली दृश्ये टिपली. पुढे कड्यांवरून मारायच्या ‘बेस’ उड्यांचा जनक म्हणून तो ओळखला गेला आणि १९८४ मध्ये नॉर्वेत अशाच एका उडीत मरण पावला. १९७९ च्या एका बाँडपटात पॅराशूटवाचून पडणाऱ्या नायकाची हवेतली झटापट आहे. पडद्यावरच्या त्या थोड्याशा वेळासाठी ८८ उड्या माराव्या लागल्या. २०१८ मध्ये टॉम क्रूझच्या उंचावरच्या उडीचे चित्रण करणाऱ्या क्रेग ओब्रायन याच्या वेळी हा आकडा १०६ वर गेला. दिवस मावळतानाचा उजेड मिनिटांचाच, त्यामुळे ती उडी दिवसातून एकदाच साधायची. तंत्र कितीही सुधारले, तरी एका उडीत एकच मिनिट मिळते.

हेल्मेट आणि कॅमेरा : कॅमेरा फ्लायरचे हेल्मेट डोक्याला घट्ट बसणारे, वर आणि बाजूला सपाट, कॅमेरे पक्के बसवता येतील असे असते. वर स्थिरचित्रांचा आणि बाजूला किंवा पुढे चित्रफितीचा, असे दोन कॅमेरे एकाच वेळी वापरले जातात. हनुवटीशी एक सोडवण असते. पॅराशूटची दोरी कॅमेऱ्यात अडकली, तर ती ओढून आख्खे हेल्मेटच डोक्यावरून मोकळे करता येते. हेल्मेट विकत घेताना भिंगे-बॅटऱ्यांच्या चौकशीआधी ही सोडवण एका हाताने, हातमोजा घालून, डोळे मिटून सुटते का, हे पाहावे. कॅमेऱ्याच्या कडा, स्क्रूची डोकी, मोकळ्या तारा यांवर टेप लावून किंवा गुळगुळीत आवरण बसवून दोरीला धरायला जागाच ठेवायची नाही. बाजारातली चिकट पट्ट्यांची उंच बैठक सायकलसाठी ठीक. इथे ती घातकच.

शटर दाबायला हात मोकळा नसतो. म्हणून दातांखाली धरायचे किंवा जिभेने दाबायचे बटण तारेने कॅमेऱ्याला जोडतात. नेम धरण्यासाठी एका डोळ्यासमोर वर्तुळे कोरलेली छोटी काच असते, तिला रिंग साइट म्हणतात. तिची जुळणी जमिनीवरच करावी लागते : दूरचा एखादा विजेचा खांब कॅमेऱ्याच्या चौकटीत मधोमध आणायचा आणि मग काच हलवून तोच खांब वर्तुळाच्या मध्यावर बसवायचा. कॅमेरा चालू असल्याचे कळावे म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यात दिसेल असा बारीक दिवा लावतात. तो नसेल तर संपूर्ण उडी करून खाली आल्यावर कार्ड रिकामे सापडण्याची नामुष्की अटळ.

भिंग रुंद कोनाचे लागते, कारण छायाचित्रकार माणसांपासून दोन-तीन मीटरवरच असतो. शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून कमी नसावा. फडफडणारे गाल आणि कपडे त्याहून हळू वेगात पुसट होतात. फोकस हाताने ठरवून त्यावर टेप मारून टाकणे उत्तम, नाहीतर स्वयंचलित फोकस ऐनवेळी मागच्या ढगांत रमतो. सूर्य पाठीशी घ्यावा, पण स्वतःची सावली समोरच्यावर पडू देऊ नये. वर तापमान जमिनीपेक्षा पंचवीसेक अंशांनी कमी असते, त्यामुळे बॅटऱ्या लवकर मान टाकतात. आणि थंडगार भिंग घेऊन दमट हवेत उतरले, की काचेवर बाष्प धरते. दुबईसारख्या किनारपट्टीवर हा त्रास नेहमीचा. तिथे उतरतानाची दृश्ये धुरकट का येतात, याचे उत्तर यातच आहे.

पंखांचा पोशाख : दंडापासून कंबरेपर्यंत कापडाचे पंख असलेला कॅमेरा सूट हे या कलेचे खास साधन. एकाच उडीत समोरची माणसे हळू-जलद पडत असतात आणि त्यांच्याच पातळीवर राहायचे तर आपला वेग कमी-जास्त करता यायला हवा. हात पसरले की पंखात हवा भरते आणि वेग मंदावतो. हात आवळले की माणूस खाली सरकतो. टँडम उडीत, म्हणजे प्रशिक्षकाच्या पुढ्यात प्रवासी बांधलेला असताना, दोघांच्या वजनाने वेग फार वाढेल, म्हणून ड्रोग नावाचे लहान पॅराशूट मागे सोडून तो एका माणसाच्या वेगाइतका आणलेला असतो. त्यांच्या समोर चेहऱ्याच्या पातळीला टिकून राहणे हे पंखांमुळे जमते. पंख निवडताना एकच कसोटी महत्त्वाची : हात कसाही हलवला तरी कापडाखाली हँडले झाकली जाता कामा नयेत.

हवेतली जागा : कॅमेरा फ्लायर विमानाच्या दाराबाहेर पायरीवर, दांडी धरून आधीच लटकतो आणि इतरांच्या क्षणभर आधी किंवा किंचित मागून सुटतो. एका ठोक्याची चूक झाली, तर धडक ठरलेली. नंतरचा नियम असा, की कोणाच्याही सरळ वर किंवा सरळ खाली थांबायचे नाही. पडणाऱ्या शरीराच्या पाठीमागे हवेचा एक दुबळा, घुसळलेला पट्टा तयार होतो. त्यात वरचा माणूस शिरला की त्याचा आधार सुटतो आणि तो खालच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. त्याहून वाईट म्हणजे खालच्याचे पॅराशूट अचानक उघडले, तर वरचा माणूस ताशी २०० किमी. वेगाने त्यात घुसेल. टँडमवर वरून टिपलेली चित्रे सुंदर दिसतात. पण ती घेण्याची योग्य जागा वर आणि बाजूला अशी तिरकी असते, डोक्यावर कधीच नसते.

पॅराशूट उघडताना डोके सरळ, नजर क्षितिजावर. पॅराशूटने झटका दिला, की डोक्यावरचे दोन-अडीच किलोही मानेला कित्येक पटींनी जाणवतात आणि मान वळलेली असली तर ती लचकते. म्हणून हळुवार उघडणारे पॅराशूट निवडणे आणि ते नीट घडी घालून भरणे, हा या लोकांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. वर्षानुवर्षे उड्या मारलेल्यांची मान दुखण्याची तक्रार सर्वपरिचित आहे.

सुरक्षेची साधने : मनगटावर उंचीमापक असतोच, पण डोळे काचेला चिकटलेल्या माणसाला कानाशी वाजणारा, ठरवलेल्या उंचींवर वेगवेगळा आवाज देणारा उंचीमापक अधिक उपयोगी पडतो. तरी केवळ आवाजावर विसंबू नये. वाऱ्याच्या गोंगाटात तो निसटतो. टँडमचे पॅराशूट ५,००० फुटांच्या आसपास उघडते आणि फ्रेममधून ती जोडी झपाट्याने वर निघून गेली, की तो कॅमेरा फ्लायरसाठीही इशारा असतो. शेवटचा भरवसा स्वयंचलित उघडयंत्राचा. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ मध्ये बाजारात आणलेले ‘सायप्रेस’ हे त्यातले प्रसिद्ध यंत्र. माणूस अजून सेकंदाला ३५ मीटरहून वेगाने पडत असेल, तर ते जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर राखीव पॅराशूटची बांधणी आतल्या आत कापून ते उघडते. बेशुद्ध माणसालाही ते वाचवते. खराब झालेले मुख्य पॅराशूट एका हिसक्यात सोडून देणारी तीन कड्यांची रचना १९७० च्या दशकात बिल बूथ यांनी दिली. राखीव पॅराशूट मात्र स्वतः भरायचे नसते. ते परवानाधारक रिगर ठरावीक मुदतीने उघडून तपासतो आणि पुन्हा भरतो, अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे.

या साधनांनी खेळ बराच सुरक्षित केला. २०२३ मध्ये अमेरिकेत अंदाजे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० माणसे दगावली. आजच्या अपघातांचा मोठा वाटा बिघडलेल्या पॅराशूटचा नसून, नीट उघडलेल्या पॅराशूटखाली जमिनीजवळ घेतलेल्या जोरदार वळणाचा असतो. त्यावर कोणतेही यंत्र उपाय करत नाही. कॅमेरा फ्लायरला इथे आणखी एक मोह असतो, आधी उतरून प्रवाशाचे उतरणे टिपण्याचा. तेवढ्यासाठी लहान, वेगवान पॅराशूट घेणे आणि घाईने वळणे, हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

स्पर्धा आणि विक्रम : हवेत एकमेकांना धरून आकृत्या करण्याच्या सांघिक स्पर्धेत चार उडीकारांसोबत पाचवा सदस्य छायाचित्रकार असतो आणि पदक त्यालाही मिळते. ३५ सेकंदांत किती आकृत्या झाल्या, हे पंच त्याच्याच चित्रफितीवरून मोजतात. चौकटीबाहेर राहिलेली आकृती झाली नाही असेच धरले जाते. १९९० च्या दशकातल्या स्कायसर्फिंगमध्ये तर फळीवरचा खेळाडू आणि कॅमेरा फ्लायर ही जोडीच एक संघ मानली जाई. ८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमधील उदॉन थानी येथे ४०० जणांनी हवेत एकमेकांना धरून केलेला विक्रम मान्य होण्यासाठीही प्रत्येक पकड चित्रात दिसणे भाग होते.

भारतात पॅराशूट उडीचे केंद्र आग्रा. तिथे हवाई दलाची छत्रीधारी सैनिकांची प्रशिक्षणशाळा आहे आणि १० ऑगस्ट १९८७ रोजी स्थापन झालेला ‘आकाशगंगा’ हा प्रात्यक्षिक संघ हवाई दलाचाच. नागरी स्कायडायव्हिंगमध्ये मराठी वाचकांना सर्वांत परिचित नाव पुण्याच्या शीतल महाजन यांचे. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर आणि डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर उडी मारली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून मारलेल्या उडीची चित्रे घरोघरी पोचली. काष्ट्यामुळे मांड्यांचे पट्टे आवळायला नऊवारी सोयीची. पण सुटलेला पदर हँडलावर आला किंवा दोरीत गेला, तर जीवावर बेतेल. शेकडो उड्या पाठीशी असलेल्या व्यक्तीने, कापड जागच्या जागी पक्के करूनच हे धाडस करावे. लग्नाआधीच्या फोटोंसाठी असे काही करण्याची कल्पना टँडमच्या प्रवाशांनी मनात आणू नये.

टँडमच्या प्रवाशाने स्वतःचा कॅमेरा, मोबाइल, सैल दागिने सोबत नेऊ नयेत. चित्रण हवे असेल तर प्रशिक्षकाच्या मनगटावरचा कॅमेरा की वेगळा कॅमेरा फ्लायर, हे आधीच विचारून घ्यावे. पहिल्यात चेहरा जवळून येतो, दुसऱ्यात आकाशासकट दोघे दिसतात. बूट नाडीचे, कपडे अंगाबरोबर असावेत. मोठे केस बांधून आत खोचावेत, चष्मा असल्यास त्यावर बसणारा गॉगल मागून घ्यावा. सुटल्यावर हनुवटी वर ठेवावी. श्वास अडल्यासारखे वाटले तर मोठ्याने ओरडावे, म्हणजे श्वास सुटतो आणि पुढचा आपोआप आत येतो. समोर पंख पसरून आलेला माणूस हात करील, तेव्हा त्याच्याकडे पाहावे. उतरताना मात्र त्याच्याकडे पाहायचे नाही. प्रशिक्षक सांगेल त्या क्षणी दोन्ही पाय वर उचलायचे.