‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बिनव्याजी? नाही

दसरा-दिवाळीत नाशिकच्या मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत एकच फलक दिसतो: ‘नो कॉस्ट ईएमआय’. त्यावरून वर्षानुवर्षं समज पसरलाय की बँक सणानिमित्त व्याज माफ करते. बँका इतक्या उदार कधीपासून झाल्या?

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. ते बऱ्याचदा प्रोसेसिंग फीच्या रूपात वसूल होतं.

30,000 रुपयांचा फ्रिज क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांच्या हप्त्यांनी घेतला, असं धरा. हप्ता 5,000. बँकेचा दर वार्षिक 15 टक्के असेल, तर सहा महिन्यांचं व्याज साधारण 1,270 रुपये होतं. तेवढी रक्कम कंपनी किंवा दुकानदार किमतीतून आधीच वजा करतो आणि बँक उरलेल्या 28,730 रुपयांवर रीतसर व्याज लावते. म्हणून बेरीज 30,000 च येते. पण कार्डावरच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो. ते सुमारे 229 रुपये तुमच्याच स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला थोडे थोडे येतात. प्रोसेसिंग फी असेल तर ती आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा.

रक्कम किरकोळ आहे, मान्य. खरा फटका बहुधा दुसरीकडे बसतो: रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती हप्तेवाल्याला मिळेलच असं नाही. त्यामुळे काउंटरवर आधी विचारा, “आत्ता पूर्ण पैसे दिले तर शेवटचा भाव काय?”