अ‍ॅव्हिमोरचा जंगल आणि लॉखचा लूप : आपल्या ग्रुपसाठी माहिती

स्कॉटलंडच्या ट्रिपमधला हा दिवस आम्हाला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. सायकलचा हा लूप साधारण ३० किलोमीटरचा आहे, तुमच्यातले जे दर रविवारी सिंहगड करतात त्यांना वाटेल दोन तासात होईल, तर प्लीज तसं करू नका, अख्खा दिवस यासाठीच ठेवलाय.

सुरुवात अ‍ॅव्हिमोर गावाच्या स्टेशनपासून. थोडा डांबरी रस्ता संपला की रॉथीमर्कसचं जंगल लागतं. इथले पाइन लावलेले नाहीत, आपोआप उगवलेलं जुनं जंगल आहे, काही झाडं तीनशे वर्षांच्या वरची आहेत आणि खाली सगळीकडे हेदर आणि ब्लूबेरीसारखी झुडपं. सकाळी लवकर गेलात तर लाल खारी दिसायचा चान्स चांगला.

मग ‘लॉख अन एलन’ नावाचं तळं, लॉख म्हणजे तिकडच्या भाषेत तळं. पाण्याच्या मधोमध छोटं बेट आणि त्यावर पडका किल्ला. या किल्ल्याच्या भिंतीवर पूर्वी ऑस्प्रे म्हणजे मासे पकडणारा मोठा शिकारी पक्षी घरटं करायचा, पण अंडी चोरणाऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी पिच्छा पुरवला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तो इथून गेलाच. पुढे १९५० च्या दशकात याच भागात लॉख गार्टनला तो परत आला, रात्रंदिवस पहारा देऊन लोकांनी ती घरटी जपली. आम्ही इथे मुद्दाम बराच वेळ थांबतो. ही वाट चालणाऱ्यांची आवडती आहे, वीकेंडला गर्दी असते, तेव्हा वेग कमी, बेल आधीच, आणि समोरच्याला वाट द्यायची.

पुढे मुळं आणि दगड वाढतात, केर्नगॉर्म क्लब या गिर्यारोहकांच्या क्लबने १९१२ मध्ये बांधलेला पादचारी पूल येतो, तिथे उतरून सायकल हातात घ्या. पुलानंतरच्या फाट्यावर उजवीकडे लॅरिग ग्रूची खिंड आहे, ती सरळ डोंगरात जाते, आपण डावीकडे. लॉख मॉर्लिखला चक्क वाळूचा बीच आहे, समोर १२४५ मीटरचा केर्न गॉर्म डोंगर, जेवण तिथेच. पाय शिल्लक असतील त्यांनी ग्लेनमोरच्या पुढे ‘अन लॉखन उआन्या’ हे छोटं तळं बघूनच यावं, पाणी खरंच हिरवं आहे, गावातले सांगतात पऱ्या तिथे कपडे धुतात. परतीला ओल्ड लॉगिंग वे नावाचा रस्ता, सोपा आणि बहुतेक उतार.

सायकल चालवायला इथे परमिट लागत नाही, स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला बहुतेक सगळीकडे जाता येतं. पण अट जबाबदारीचीच आहे, फाटक जसं होतं तसं ठेवा आणि एप्रिल ते ऑगस्ट वाट अजिबात सोडू नका, कॅपरकेली नावाचा दुर्मिळ पक्षी जमिनीवर अंडी घालतो.

जून ते ऑगस्ट चिलटं भयंकर असतात, चालत्या सायकलला त्रास नाही पण वारा पडला आणि थांबलात की तुटून पडतात, म्हणून जाळीची टोपी घ्याच. गवतात गोचिडी असतात, फुल पॅन्ट घाला आणि रात्री अंग तपासा. रेनकोट जुलैतही लागतो.

ट्रॅफिक आपल्यासारखाच डावीकडून. सायकल हार्डटेल मिळेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शनवाली. फ्रेमचा साइज उंचीवरच ठरतो म्हणून प्रत्येकाची उंची सेंटीमीटरमध्ये कळवा, आणि स्वतःची पेडल्स आणणार असाल तर तेही आधीच सांगा.