अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणीची पळवाट

‘भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार आहे ना, मग नोंदणी कशाला? नोटरी पुरे.’ एजंटही बिनदिक्कत सांगतात. महाराष्ट्रात हे साफ चूक आहे.

१९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. अकरा महिने तिथून आले. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी, कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी घरमालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला की अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. उलट सिद्ध करत बसायचं मालकाने. माझ्या मते खरी शिक्षा हीच.

‘भाडेकरू जास्त दिवस ठेवला तर घर बळकावेल’ ही मालकांची भीती मात्र हवेतली नाही. जुन्या मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणारे कायद्याचं संरक्षण असलेले भाडेकरू ठरले. मालकांनी धसका घेतला, घरं कुलूपबंद राहिली. १९९९ च्या कायद्याने म्हणूनच नव्या घरबांधणीला उत्तेजन हा आपला हेतू सांगितला. आता मुदत संपूनही लायसन्सी (लायसन्सवर राहणारा) हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या लायसन्स शुल्काच्या दुप्पट रक्कमही मागता येते. त्यासाठी नोंदवलेला करार हाती असलेला बरा.