मेफ्लाय की कॅडिस? मे महिन्यात ट्राउट नेमकं काय खातोय

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत एप्रिल सरता सरता बर्फाचं पाणी ओसरतं, बीव्हरकिल नदी निवळते. दुपारी पाणी १० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हेंड्रिक्सन ही मेफ्लाय, म्हणजे नदीत वाढणारा एक किडा, पाण्यातून निघू लागते. मेमध्ये कॅडिस या दुसऱ्या पाणकिड्याची गर्दी सुरू होते. मधले काही दिवस दोघी एकाच वेळी नदीवर असतात आणि ट्राउट मासा धरायला आलेला नवखा तिथेच फसतो. हवेत उडताना दिसते कॅडिस, म्हणून तो तिचीच नकली माशी गळाला लावतो. मासा मात्र मेफ्लाय टिपत असतो.

हातावर घेतली तर ओळख सोपी. मेफ्लायचे पंख पाठीवर सरळ उभे, मागे दोन किंवा तीन लांब शेपट्या. कॅडिसचे पंख कौलारू छपरासारखे दोन्हीकडे उतरते, शेपटी नाहीच. पण खरा फरक पाण्यातून बाहेर येण्यात आहे. मेफ्लाय पृष्ठभागावर येऊन कात टाकते आणि पंख सुकेपर्यंत प्रवाहाबरोबर निमूट वाहत जाते. ट्राउटला घाई नसते. तो जागेवरून वर येऊन नुसता ओठ लावतो. कॅडिस मध्ये कोषावस्थेतून जाते, झपाट्याने वर येते आणि बऱ्याचदा लगेच उडते. मग मासा तिच्यामागे धावतो, पाणी उसळतं.

म्हणून माझ्या मते किडे बघण्याआधी पाणी बघावं. शांत वर्तुळं दिसली तर रॉय स्टीनरॉडने १९१६ च्या सुमारास बांधलेली हेंड्रिक्सन ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी नकली माशी) आजही चालते. अट एकच: ती अजिबात ओढली जाता कामा नये. दोरीचा जरासा ताण आला की माशीमागे रेघ उमटते आणि शहाणा ट्राउट तोंड फिरवतो. (बीव्हरकिलचे ट्राउट शहाणेच, त्यांच्यावर शंभरेक वर्षं हेच प्रयोग चाललेत.) एल्क हेअर कॅडिस ही कॅडिसची नकली माशी मात्र थोडी थरथरवली तरी चालते, अंडी घालायला आलेली मादीही पाण्यावर तशीच फडफडते.

उसळीनंतर बुडबुडा राहिला तर माशाने वरून खाल्लं असण्याची शक्यता जास्त. बुडबुडा नसेल तर तो बहुधा पृष्ठभागाखालचा कोष खातोय. अशा वेळी ड्राय फ्लाय काढून कोषाच्या आकाराची ओली, म्हणजे पाण्याखाली बुडणारी माशी लावा, प्रवाहात आडवी टाका आणि शेवटी दोरी ताणून तिला वर येऊ द्या. झटका बहुतेक तेव्हाच बसतो.