भाताची परीक्षा कोणत्या शितावरून?

लसीकरणाचे उद्दिष्ट शंभर टक्क्यांच्याही पुढे गेल्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. शंभर मुलांपैकी एकशेचार मुलांना लस कशी टोचली, हा प्रश्न चौथीतले मूलही विचारेल. खुलासा असा की अंशस्थानी प्रत्यक्ष दिलेले डोस असतात आणि भाजक मात्र जुन्या लोकसंख्येवरून अंदाजाने धरलेला असतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार आणि नवी मुंबईची ११ लाख २० हजार होती; २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झालीच नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात सुमारे ५० हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र आणि २०० ते ५०० घरांमागे एक आशा सेविका असे प्रमाण आहे, त्यामुळे भाजक चुकला की डोसांबरोबर मनुष्यबळाचा हिशेबही चुकतो.

भाजकाची ही कटकट टाळण्याचा मार्ग म्हणजे थेट घरी जाऊन १२ ते २३ महिन्यांच्या बालकाचे लसीकरण कार्ड पाहणे. अशी किती बालके पाहावीत? बालके एकेक करून यदृच्छेने निवडता आली, तर ९५ टक्के खात्रीने आणि खऱ्या आकड्यापासून फार तर दहा टक्के इकडेतिकडे असे उत्तर मिळवण्यासाठी ९६ पुरतात, मग लोकसंख्या एक लाख असो की वीस लाख. शितावरून भाताची परीक्षा होते ती याच न्यायाने. मात्र वस्ती म्हणजे ढवळलेला भात नव्हे. एका गल्लीतल्या बालकांची अंगणवाडी एक, लसीकरणाचे सत्र एक आणि अफवाही एकच असल्यामुळे सात घरे पाहून सात स्वतंत्र उत्तरे मिळत नाहीत. म्हणून ९६ ची दुप्पट, म्हणजे १९२ बालके धरतात आणि ३० ठिकाणी प्रत्येकी ७ असा २१० चा नमुना घेतात. जागतिक आरोग्य संघटनेची ही पद्धत अनेक दशके जगभर वापरली गेली.

तिच्यातला मला सर्वांत आवडणारा भाग ठिकाणांच्या निवडीचा आहे. समजा, सर्व वस्त्यांची मिळून लोकसंख्या १,५०,००० आहे. तिला ३० ने भागले की ५,००० चे अंतर मिळते. वस्त्यांची यादी करून लोकसंख्येची चढती बेरीज मांडायची, ५,००० पर्यंतचा एक आकडा चिठ्ठी टाकून काढायचा, समजा १,७३०, आणि पुढे ६,७३०, ११,७३० असे पाच-पाच हजारांनी जात तो आकडा ज्या वस्तीत पडेल ती निवडायची. वीस हजारांची वस्ती चार वेळा निवडली जाते, तर एक हजाराच्या वस्तीला पाचांत एक संधी मिळते. पण कुठेही बालके सातच घ्यायची असल्याने लहान वस्ती निवडली गेल्यास तिथल्या बालकाची संधी त्याच पटीने वाढते. गुणाकारात दोन्ही पट एकमेकांना छेदतात आणि प्रत्येक बालकाची शक्यता सारखीच उरते.

अर्थात, ती वस्ती यादीत असेल तर. मुंब्र्याच्या डोंगरउतारावर नव्याने उभ्या राहिलेल्या किंवा तुर्भ्याच्या बाजूला वाढलेल्या खोल्या यादीत नसतील, तर त्यांची शक्यता शून्य ठरते आणि टाळलेला भाजक मागच्या दाराने परत येतो. वस्तीत पोहोचल्यावर मध्यभागी पेन्सिल फिरवून दिशा ठरवण्याची आणि शेजारचे दार गाठत जाण्याची जुनी रीतही सदोष होती, कारण तिच्यात माळ्यावरचा भाडेकरू सहज सुटे. संघटनेच्या २०१८ च्या नव्या मार्गदर्शिकेत ती सोडून देण्यात आली.

गोवरासारख्या आजारात सुटलेली हीच घरे महत्त्वाची असतात. एक रुग्ण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना संसर्ग देऊ शकत असल्याने सुमारे ९५ टक्के बालके संरक्षित असावी लागतात, आणि उरलेली बालके एकाच गल्लीत एकवटली, तर शहराची सरासरी कितीही चांगली असली तरी साथ पसरते. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत आणि ठाणे जिल्ह्यातील भिवंडीत गोवराने बालकांचे बळी घेतले. अंगावर पुरळ उठले की निंबाचा पाला उशाशी ठेवून वाट पाहणारी घरे आजही आहेत. पाल्याने अपाय होत नाही, पण अ जीवनसत्त्वाच्या मात्रा आणि न्यूमोनियाचे उपचार लांबतात. आणि ज्यांना आरोग्याचे नियोजन म्हणजे रंगीत डॅशबोर्ड वाटते, त्यांनी २१० चा नमुना शहराची सरासरी सांगतो, गल्ली नव्हे, हे ध्यानात घ्यावे. गल्ली कळण्यासाठी आशा सेविकेने दारोदार फिरून केलेला, नव्या खोल्या आणि नुकतेच आलेले भाडेकरू नोंदवलेला नकाशाच लागतो, आणि तो दर सहा महिन्यांनी जुना होतो.