हाडातलं कॅल्शियम आणि तुंबलेलं पिंप

मंगळावर माणूस पाठवायच्या गप्पा निघाल्या की सगळे रॉकेटबद्दल बोलतात. केवढं मोठं, किती टन वाहून नेणार, कधी उडणार. मला मात्र आधी लघवी उकळणारं एक पिंप आठवतं.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २००८ मध्ये लघवीपासून पाणी मिळवणारं यंत्र पोचलं. त्यातलं पिंप सतत फिरतं. वजनरहित अवस्थेत द्रव तळाशी बसत नाही, वाफही आपोआप वर जात नाही. पिंप फिरलं की लघवी भिंतीला चिकटून राहते आणि मधल्या पोकळीतली वाफ ओढून थंड करता येते. अपेक्षा होती ८५ टक्के पाणी परत मिळवायची. पण लवकरच यंत्र तुंबलं. आत कॅल्शियम सल्फेटचा, म्हणजे चक्क जिप्समचा, साका जमला होता.

हे जिप्सम आलं कुठून? अंतराळवीरांच्या हाडांतून! हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरतं. चालता-उठता त्यावर जो भार पडतो, त्यानुसार ही भरणी होते. भारच नसला की झीज चालू राहते आणि भरणी मागे पडते. पुरेसा व्यायाम नसेल, तर खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. सुटलेलं कॅल्शियम रक्तात येतं आणि मूत्रपिंडातून लघवीत उतरतं. इकडे लघवीतल्या युरियापासून अमोनिया होऊ नये म्हणून तिच्यात सल्फ्युरिक आम्ल मिसळलेलं असे. त्यातलं सल्फेट, हाडातलं कॅल्शियम आणि उकळून आटत चाललेलं पाणी. कॅल्शियम सल्फेट पाण्यात फार कमी विरघळतं, त्यामुळे त्याचा साका जमणारच. जमिनीवरच्या चाचण्यांत हे दिसलं नाही, कारण ती लघवी पृथ्वीवर चालणाऱ्या-फिरणाऱ्या माणसांची होती.

तात्पुरता उपाय म्हणून लघवी कमी आटवायला लागले, म्हणजे पाणीही कमी मिळू लागलं. पुढे सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फरिक आम्ल आलं. इतर सुधारणाही झाल्या, आणि २०२३ मध्ये स्थानकावर एकूण ९८ टक्के पाणी परत मिळवता आलं. पंधरा वर्षं लागली, तीही पृथ्वीपासून जेमतेम ४०० किलोमीटरवर, सुटे भाग घेऊन मालवाहू यानं येत असताना.

म्हणूनच २०१२ साली ‘मार्स वन’ने मंगळावर कायमची वस्ती करायची घोषणा केली, तेव्हा हजारो लोकांनी विश्वासाने अर्ज भरले याचं मला आजही वाईट वाटतं. ती कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. दुसरीकडे खरी प्रगती बघा. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हरन्स बग्गीवरच्या ‘मॉक्सी’ उपकरणाने मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून १६ खेपांत मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. प्रयोग म्हणून मला तो अतिशय मोलाचा वाटतो, पण त्यावर आज कुणाचा दिवस निघणार नाही.

मंगळाकडे जायची सोयीची वेळ २६ महिन्यांनी एकदा येते. वाटेत पिंप तुंबलं, तर मागून सुटे भाग पाठवता येणार नाहीत. मंगळाजवळून पृथ्वीला नुसतं विचारायचं म्हटलं, तरी संदेश जाऊन उत्तर यायला ४४ मिनिटांपर्यंत लागू शकतात. तोवर ते पिंप यानातल्यांनाच उघडून बसावं लागेल.