बिलियर्ड मेज मढवणे

बिलियर्ड, स्नूकर व पूल या खेळांच्या मेजाचा दगडी पाट आणि त्याच्या रबरी कडा यांवर लोकरी कापड ताणून पक्के करण्याची कारागिरी. सांगली-साताऱ्याकडे खेळणारी मंडळी ‘क्लॉथ बदलणे’ किंवा नुसते ‘कापड टाकणे’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत ‘मढवणे’ हा शब्द घेतला आहे. तबल्याची पुडी मढवताना वादीचा ओढा चहूबाजूंनी सारखा यावा लागतो, एका घरात तो कमी पडला तर सूर उतरतो. मेजाच्या कापडाचेही तेच आहे. ‘टाकणे’ या शब्दात ही ताणाची बाजू येत नाही, आणि या कामात खरी गोष्ट तेवढीच आहे.

शब्द व इतिहास. या कापडाला इंग्रजीत सरसकट बेझ म्हणतात. फ्रेंच भाषेतील तांबूस-तपकिरी रंगवाचक विशेषणाच्या अनेकवचनावरून हा शब्द आला, ही व्युत्पत्ती बहुतेक कोशकारांना मान्य आहे. ती धरली तर आज हिरवेपणाशी जोडला गेलेला हा शब्द मुळात तपकिरी कापडाचा होता. सोळाव्या शतकात नेदरलँड्सकडून आश्रयाला आलेल्या विणकरांनी ही विणकाम-पद्धती इंग्लंडच्या पूर्व भागात नेली असे सांगतात. तथापि काटेकोर बोलायचे तर आजचे मेजाचे कापड बेझ नव्हे. बेझ विरळ व भरड असते. मेजाचे कापड दाट विणीचे आणि मळून घट्ट केलेले असते.

मराठीत यासाठी दोन जुने शब्द उपलब्ध आहेत : ‘बनात’ आणि ‘सकलाद’. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात दोन्ही शब्द विलायती रुंद पन्ह्याच्या लोकरी कापडासाठी येतात. सकलाद हा फार्सीतून आलेला शब्द, आणि युरोपीय भाषांतील लाल रंगाच्या ‘स्कार्लेट’ या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. मात्र शब्द पूर्वेकडून पश्चिमेला गेला की उलट, यावर एकमत नाही. मूळ अर्थ रंगाचा की कापडाचा, हाही वादाचा मुद्दा आहे. आधी विशिष्ट उंची कापडाचे नाव आणि मग त्या कापडावर नेहमी चढणाऱ्या रंगाचे नाव, हा क्रम प्रस्तुत लेखकास अधिक संभवनीय वाटतो. एक जुळणी मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. ब्रिटिश फौजेच्या लाल डगल्यांचे कापड ज्या ग्लॉस्टरशरमधील स्ट्राउड परिसरात तयार होई, त्याच परिसरातील गिरण्यांतून स्नूकरचे हिरवे कापड येत राहिले. मेजाच्या कापडाला मराठीत बनात म्हणायला कोणतीच अडचण नाही. शब्द आपल्याकडे आहे, तो वापरात मात्र उरलेला नाही.

मेजावर कापड केव्हा आले, याचे उत्तर अंदाजानेच द्यावे लागते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याकडे असे मेज होते, असे बहुतेक लेखक मानतात. स्कॉटलंडची राणी मेरी हिने १५७६ साली कैदेत असताना आपले मेज काढून घेतल्याची तक्रार केली. १५८७ मधील शिरच्छेदानंतर तिचे शव त्या मेजावरून काढलेल्या कापडाने झाकले, अशीही हकीकत आढळते. ती खरी असेल तर सोळाव्या शतकाच्या अखेरीस मेजावरचे कापड सहज ओढून काढता येईल इतके सैल बसवलेले असावे. आजच्यासारखे ताणून ठोकलेले नसावे. हिरव्या रंगाबद्दल रूढ मत असे, की हिरवळीवरचा खेळ घरात आला तेव्हा गवताची खूण म्हणून तो रंग राहिला. हे मत पटण्यासारखे आहे, परंतु त्याला समकालीन लेखी आधार फारसा दिला जात नाही.

स्नूकरचा उगम भारतातला. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने तो सुरू केला आणि पुढे उटी येथील क्लबात त्याचे नियम ठरले, हे मत आता सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. (हा चेंबरलेन पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला नव्हे.) पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड विजेते ठरले. सातारा जिल्ह्यात या खेळाचे जुने ठिकाण म्हणून १८८१ साली स्थापन झालेल्या महाबळेश्वर क्लबचा निर्देश करावा लागेल.

दगड. कापड ज्यावर बसते तो पाट पाटीच्या दगडाचा म्हणजे स्लेटचा असतो. लंडनच्या जॉन थर्स्टन याने १८२६ च्या सुमारास लाकडी पाटाऐवजी तो वापरात आणला; रबरी कडाही त्यानेच १८३० च्या दशकात आणल्या. स्लेट पापुद्र्यांनी सुटते, म्हणून मोठी सपाट लादी मिळते. कृष्णाकाठचा आपला काळा पाषाण घाट, मंदिरे आणि पुलांसाठी शतकानुशतके टिकला, पण तो पापुद्र्याने सुटत नाही, त्यामुळे या कामाचा नाही. पूर्ण आकाराच्या स्नूकर मेजावर बहुधा पाच आणि पूलच्या मेजावर तीन लाद्या जोडतात. स्नूकर मेजाचे खेळक्षेत्र ३,५६९ × १,७७८ मिमी., तर स्पर्धेच्या पूल मेजाचे १०० × ५० इंच असते.

कापडाचे प्रकार. स्नूकरचे कापड लव असलेले असते, आणि ही लव बॉक-रेषेच्या (खेळ जेथून सुरू करतात ती आडवी रेषा) टोकाकडून काळ्या चेंडूच्या टोकाकडे वाहते. लवेच्या दिशेने तळवा फिरवला तर मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखा सुळकन जातो. उलट फिरवला तर हाताला अडते आणि तेवढा पट्टा गडद दिसतो. हळू जाणारा चेंडू लवेने किंचित वळतो, हे मुरलेले खेळाडू धरून चालतात. पूलचे कापड विंचरलेल्या लांब धाग्याचे, वर्स्टेड, बिनलवेचे असते. जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार त्यात किमान ८५ टक्के विंचरलेली लोकर व फार तर १५ टक्के नायलॉन चालते. बेल्जियममधील व्हर्व्हिए येथील सिमोनिस ही गिरणी १६८० पासूनची मानली जाते.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत मेंढपाळी व घोंगडी-विणकाम पिढ्यान् पिढ्यांचे, तेव्हा मेजाचे कापड इथे का होत नाही, असे कोणीही विचारेल. दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ आणि बहुतांशी काळी असते. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसाला आणि काट्याकुट्याला टिकते, तो तिचा गुण. मेजाला लागते ती मेरिनो मेंढीची बारीक, पांढरी लोकर. काळ्या लोकरीवर हिरवा रंग चढतच नाही.

कृती. पॉकेट सोडवून, खालचे बोल्ट काढून रबरी कडांच्या पट्ट्या उतरवतात. जुने कापड काढल्यावर पिना एकेक करून उपटाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण मागे राहिलेली एक पिन नव्या कापडाला आतून भोक पाडते. खेळायच्या काठीच्या टोकाला लावतात त्या चॉकची भुकटी ओल्या फडक्याने पुसू नये, कारण ती दगडाच्या सांध्यात बसून घट्ट होते. कोरडीच ओढून घ्यावी. मग पातळी. स्पर्धेच्या पूल मेजाला लांबीत सुमारे ०·५ मिमी. व रुंदीत ०·२५ मिमी. एवढीच चूक क्षम्य आहे. गवंड्याच्या साध्या पाणसळीत ती दिसणारही नाही. लाद्यांचे सांधे मधमाशीच्या मेणाने किंवा प्लास्टरसारख्या लुकणाने (पुटीने) भरून ब्लेडने दगडाच्या बरोबरीला तासतात. मेण ६२-६४ अंश सें.ला वितळते, म्हणून सांगलीच्या एप्रिल-मेमध्येही ते जागचे हलत नाही.

पाटाचे कापड आणि कडांचे कापड वेगवेगळे कापतात. पाटाचे कापड प्रथम एका आखूड बाजूला, मधल्या बिंदूपासून दोन्ही कोपऱ्यांकडे, दगडाखालच्या लाकडी चौकटीत पिना मारून धरतात. समोरच्या आखूड बाजूला दोघांनी मिळून ओढायचे, तेही आधी मध्ये आणि मग कोपऱ्यांकडे. त्यानंतर लांब बाजू, मधल्या पॉकेटपासून सुरुवात करून. पॉकेटच्या तोंडाशी कापडाला लहान चिरा देऊन ते आत वळवतात. चीर बोटभर लांब गेली तर पुढे ती खेळक्षेत्रात येते, आणि मग त्यावर इलाज नाही. दगडाखाली लाकूड नसेल तेथे डिंकासारख्या चिकट द्रवाने कडेला चिकटवतात. अशा वेळी ओढण्याची घाई करता येत नाही. शेवटी कारागीर मेजाच्या मध्यावर अंगठा व तर्जनीने कापडाची चिमटी घ्यायला जातो. कापड बोटांत येता येता निसटले, तर ताण योग्य. पूर्ण चिमटी आली तर एक बाजू पुन्हा उघडावी लागते.

जितका ताण अधिक तितके मेज चांगले, हा समज दूर होणे आवश्यक आहे. घट्ट कापडावर चेंडू वेगाने धावतो हे खरे. पण एका बाजूला ओढ जास्त झाली की ताणा-बाणा तिरका होतो, लव वाकडी वाहते आणि चेंडू सरळ रेषा सोडतो. असा दोष पातळी तपासून सापडत नाही, म्हणून मालक बिचारे पायांखाली पाचरी सारत राहतात. सैल कापडाचे दोष निदान दिसतात तरी : चेंडूच्या पुढे लाट उठते, फोडीच्या जागी (खेळ सुरू करताना चेंडूंचा गठ्ठा फोडतात तेथे) पांढरे ठिपके पडतात.

कडांचे काम अधिक नाजूक. पूलच्या मेजात लाकडी पट्टीला बारीक खाच असते. कापडाची कड खाचेवर ठेवून वर पातळ लाकडी काठी बसवतात आणि ठोकळा आडवा धरून हातोडीने हळूहळू आत दाबतात. मग कापड रबरावरून खाली आणून मागे पिना मारतात. येथे ओढ जास्त झाली तर रबर दबते आणि चेंडू मंद परततो. कमी झाली तर कोपऱ्यात चुण्या राहतात. रबराच्या नाकाची (चेंडू जेथे आपटतो त्या पुढच्या कडेची) उंची चेंडूच्या व्यासाच्या ६३·५ टक्के (एक टक्का कमी-अधिक) असावी लागते. जाड कापड घातले, तरी रबराचे वागणे थोडे बदलते.

हवामान. सातारा-सांगली भागापुरता हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि परदेशी पुस्तिकांत तो जवळजवळ येतच नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात म्हसवड-दहिवडीकडे तो पाचशेच्या आसपास असतो. लोकर हवेतील ओल ओढते. नेहमीच्या हवेत तिच्या वजनाच्या सोळा-सतरा टक्के पाणी तिच्यात असते, आणि अगदी दमट हवेत ते तीस टक्क्यांपर्यंत जाते. धागा ओलाव्याने मुख्यतः जाडीत फुगतो, लांबीत जेमतेम टक्काभर वाढतो. परंतु साडेतीन मीटर कापडात एक टक्का म्हणजे साडेतीन सेंमी. एवढी ढील मेजावर लपत नाही.

म्हणून भर उन्हाळ्यात घट्ट ओढलेले कापड आषाढात सैल पडते. याउलट पावसात बसवलेले कापड माघ-फाल्गुनात आक्रसून पिनांवर ताण आणते आणि पॉकेटच्या चिरांशी उसवते. दसऱ्यानंतर, हवेत थोडी ओल उरलेली असताना मढवावे, आणि कापडाचा गठ्ठा आदल्या दिवशीच त्या खोलीत उलगडून ठेवावा, हे प्रस्तुत लेखकास योग्य वाटते. महाबळेश्वरात बंगल्यांना पावसाळ्यापूर्वी गवताची आच्छादने बांधण्याची जुनी रीत आहे. मेजालाही तशीच काळजी लागते, मात्र प्लास्टिकने झाकू नये, आत ओल कोंडते. मोठ्या स्नूकर स्पर्धांत पाटाखाली विजेची ऊब देतात ती याचसाठी. आपल्याकडे खोली बंद ठेवून रोज थोडा वेळ दिवे चालू ठेवले, तरी फरक पडतो.

निगा. लवेच्या कापडाला लवेच्याच दिशेने ब्रश व कोमट इस्त्री. वर्स्टेडला ब्रश पुरे, इस्त्री नको.

पूर. कृष्णेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांत सांगलीच्या सखल भागांतील तळमजले पाण्यात गेले. अशा पाण्यात बुडालेल्या मेजाच्या लाद्यांना काही होत नाही. धुऊन, उभ्या टेकून वाळवल्या की पुन्हा वापरता येतात. सांध्यातील प्लास्टर सुटते, चौकट फुगते. कापड मात्र वाचवता येत नाही : गाळ धाग्यांत शिरतो आणि वाळताना लोकर आटते. चौकट लगेच कसून नवे कापड चढवण्याचा मोह होतो, पण बाहेरून कोरडे दिसणारे लाकूड आत बराच काळ ओले राहते, आणि त्यावर मारलेल्या पिना लाकूड आक्रसल्यावर ढिल्या होतात. रबर दाबून पाहावे. बोटाची खूण राहिली तर तेही बदलावे लागते.